फलत्यागाचा उपदेश कोणी करावा?

चेन्नईस नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या एका स्नेह्यांचे पत्र गेल्या महिन्यात आले. पत्र लांब होते. पण त्यातील मूळ हकीकत थोडक्यात सांगण्याजोगी आहे. त्यांची पंधरा वर्षांची कन्या गेली सहा वर्षे पोहण्याचा अभ्यास करीत आहे. पहाटे साडेपाचला ती तलावात उतरते, शाळेतून परतल्यावर पुन्हा उतरते. मध्यंतरी एका स्पर्धेत तिच्या शर्यतीचा निकाल लागला, त्यात तिला चौथे स्थान मिळाले. मुलीचे म्हणणे असे पडले की, शेजारच्या मुलीची वेळ आपल्या नावापुढे आणि आपली वेळ तिच्या नावापुढे लिहिली गेली आहे. तिच्या शिक्षकांनीही आपल्या घड्याळात तसेच पाहिले होते. अशा प्रसंगी अर्ध्या तासाच्या आत अनामत रक्कम भरून लेखी तक्रार द्यावी लागते. शिक्षक अर्ज लिहावयास बसले आणि मुलगी पैशांसाठी वडिलांकडे धावत आली. स्नेह्यांनी तिच्या ओल्या केसांवरून हात फिरविला व तिला गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील सत्तेचाळिसावा श्लोक ऐकविला. अर्धा तास निघून गेला. मुलगी त्या वेळी काहीच बोलली नाही. घरी परतताना मात्र तिने विचारले, "बाबा, तुमची बढती अडली होती तेव्हा तुम्ही दिल्लीपर्यंत अर्ज केले होते ना?"

"यात माझे काय चुकले?" असे स्नेह्यांनी विचारले आहे.

हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. कर्मावर अधिकार आहे, फळावर नाही, हे वचन ज्या घरात नित्य उच्चारले जाते, त्या घरात ते बहुधा कोणाच्या संबंधात उच्चारले जाते, याचा वाचकांनी शांतपणे विचार करून पाहावा. धाकटा भाऊ वाटणीची गोष्ट काढतो, तेव्हा थोरल्याला हा श्लोक आठवतो. घरी राबणारी बाई वेतन वाढवून मागते, तेव्हा यजमानांना तो आठवतो. आपले स्वतःचे देणे कोणी बुडविले असता तो आठवल्याची उदाहरणे आमच्या पाहण्यात फार थोडी आहेत.

पोहण्याचीच गोष्ट निघाली आहे, तर त्याच क्षेत्रातील एक प्रसिद्ध प्रकरण येथे सांगतो. आमच्या मते फळ आणि फलाशा यांचा असा लख्ख दाखला आधुनिक काळात दुसरा सापडणे कठीण.

पाण्यातील खेळांत तालबद्ध जलतरण, ज्याला सिंक्रोनाइज्ड स्विमिंग म्हणत, असा एक प्रकार आहे. २०१७ सालापासून आंतरराष्ट्रीय संघटनेने त्याचे नाव कलात्मक जलतरण असे ठेवले. आपल्याकडे हा खेळ फारसा रुजला नाही, म्हणून त्याची थोडी कल्पना द्यावयास हवी. यात कोणी कोणाच्या पुढे जावयाचे नसते. संगीताच्या तालावर पाण्यात नृत्य करावयाचे असते. मात्र पाय तळाला लागता कामा नयेत. डोके खाली व पाय वर अशा स्थितीत कित्येक सेकंद श्वास कोंडून राहावे लागते. नाकात पाणी शिरू नये म्हणून चिमटा लावतात, आणि पाण्याखालीही संगीत ऐकू यावे म्हणून तेथे ध्वनिक्षेपक बसविलेले असतात. पाण्याबाहेर दिसतो तो स्थिर, सरळ पाय आणि मुखावरचे स्मित. पाण्याखाली दोन्ही हात अखंड पाणी कापीत शरीर तोलून धरीत असतात, ते प्रेक्षकास दिसत नाहीत. धावण्याच्या शर्यतीत घड्याळ निकाल देते, कुस्तीत पाठ टेकते; या खेळात मात्र निकाल सर्वस्वी परीक्षकांच्या गुणांवर. १९८४ साली लॉस एंजेलिस येथे या खेळाचा ऑलिंपिकमध्ये प्रवेश झाला.

कॅनडातील मॉन्ट्रियल शहराची सिल्वी फ्रेशेत ही या खेळातील नामवंत खेळाडू. १९९१ साली पर्थ येथील जागतिक स्पर्धेत तिने एकेरीचे अजिंक्यपद मिळविले. पुढील वर्षीच्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक तिचेच, असे जाणकार धरून चालले होते. त्या ऑलिंपिकला जेमतेम आठवडा उरला असता, ज्याच्याशी तिचा विवाह ठरला होता त्या तरुणाने स्वतःचे जीवन संपविले. पंचवीस वर्षांची ही मुलगी त्या घरातून निघाली आणि स्पर्धेस गेली. ती का गेली, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार नाही. पण ती गेली, आणि पाण्यात उतरली.

त्या काळी एकेरीच्या स्पर्धेत संगीताच्या सादरीकरणाआधी काही ठराविक आकृत्या करून दाखवाव्या लागत. तेथे संगीत नाही, अलंकार नाही; साधा पोशाख, साधी टोपी, आणि परीक्षकांपुढे शांतपणे केलेली एक एक आकृती. अशाच एका आकृतीनंतर ब्राझीलच्या परीक्षक बाईंनी तिला ९.७ गुण देण्याचे मनात योजले. यंत्राच्या कळा दाबताना मात्र ८.७ असे दाबले गेले. चूक त्यांच्या तत्काळ ध्यानी आली व त्यांनी ती सुधारण्याची खटपटही केली. परंतु तेवढ्यात गुण फलकावर झळकले. एकदा जाहीर झालेला गुण बदलता येत नाही, असा निर्णय झाला. कॅनडाची तक्रार फेटाळण्यात आली. सुवर्णपदक अमेरिकेच्या क्रिस्टन बॅब-स्प्रेग हिला मिळाले आणि सिल्वीस रौप्यपदक. तिच्या कर्मात उणे काही नव्हते. ज्या बाईंनी गुण दिला त्यांच्या मनातही उणे नव्हते. उणे आले ते एका बोटाच्या टोकाशी!

अठराव्या अध्यायाच्या चौदाव्या श्लोकात भगवंतांनी कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नानाविध व्यापार आणि पाचवे दैव. सिल्वीच्या प्रकरणात पहिली चार तिच्या बाजूस होती. तलाव होता, ती स्वतः होती, कसलेले शरीर होते, आणि वर्षानुवर्षांचा अभ्यास होता. पाचवे कारण फिरले. इतका भाग कोणीही गीताभ्यासी सहज सांगेल, आणि "पाहा, म्हणूनच फळाची आशा धरू नये" असे म्हणून पोथी मिटेल. आमचे स्नेहीही नेमके येथेच थांबले.

पण पोथी मिटण्याची घाई करू नये. दैव म्हणजे काय? जे कर्त्याच्या हाती नाही ते. सिल्वीच्या हाती ते बोट नव्हते, म्हणून तिच्यापुरते ते दैव. ज्यांचे ते बोट होते त्यांच्यापुरते ते दैव कसे म्हणता येईल? त्यांच्यापुरते ते कर्म होय. परीक्षकाने गुण देणे, आणि दिलेला गुण चुकला असेल तर तो सुधारणे, हे त्याचे कर्म. ज्यांच्याकडे तक्रार गेली त्यांनी ती न्यायाने तपासणे हे त्यांचे. जे एकाच्या दृष्टीने फळ आहे, तेच दुसऱ्याच्या दृष्टीने कर्तव्य असते. मजुराला त्याची मजुरी फळ वाटते. धन्याला ती द्यावयाची असते, म्हणून धन्यास ते कर्म. फळावर तुझा अधिकार नाही असे मजुराला सांगून धनी आपल्या कर्मातून सुटू पाहील, तर तो गीता सांगत नाही, ऋण चुकवतो आहे, असेच म्हणावे लागेल.

येथे कोणी शंका घेईल की, "हे सर्व खरे, परंतु ज्याच्यावर अन्याय झाला त्याने तरी निष्काम राहून स्वस्थ बसावे की नाही?" या शंकेचे उत्तर त्याच श्लोकाच्या शेवटच्या चरणात आहे. त्या श्लोकाचे चार भाग आहेत, आणि लोकांच्या तोंडी असतात ते पहिले दोनच. चौथ्या भागात अकर्माची आसक्तीही वर्ज्य सांगितली आहे. अर्ज लिहिणे हे कर्म आहे. अर्ज मान्य होणे हे त्याचे फळ. मान्य होईलच असे धरून चालू नये, अमान्य झाल्यास खचू नये. पण लिहूच नये, असे भगवंत कोठे म्हणाले? ते तर अकराव्या अध्यायात अर्जुनाला शत्रू जिंकून समृद्ध राज्य भोगण्यास सांगतात. राज्य हे फळ नव्हे काय? फळ सोडणे निराळे आणि फळाची आशा सोडणे निराळे. दुसरी गोष्ट कठीण आहे, आणि बहुधा म्हणूनच आपण लोकांना पहिली करावयास लावतो.

याहून मोठी गोष्ट अशी की, कुरुक्षेत्रावर हा उपदेश करणारे श्रीकृष्ण त्याआधी हस्तिनापुरास जाऊन आले होते. पांडवांचे अर्धे राज्य, तेही नाही तर निदान पाच गावे मिळावीत, म्हणून ते स्वतः दूत होऊन भर सभेत उभे राहिले. पांडवांना त्यांचे फळ मिळवून देण्याचा जेवढा म्हणून यत्न करता येईल तेवढा त्यांनी केला. तो यत्न झाल्यावर, आणि अर्जुनाचा रथ स्वतः हाकावयास घेतल्यावर, मग त्यांनी फलाशा सोडण्याची गोष्ट काढली. हा क्रम आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. आमच्या स्नेह्यांनी शिष्टाई गाळली, सारथ्य गाळले, आणि एकदम दुसऱ्या अध्यायावर आले.

आणि स्नेह्यांना तर यासाठी कोठे दूर जावयास नको. चेन्नईच्या तिरुवल्लिकेणी भागात, मरीनाच्या वाळूपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, पार्थसारथीचे प्राचीन मंदिर आहे. वैष्णवांच्या एकशेआठ दिव्य क्षेत्रांत त्याची गणना होते. गर्भगृहातील मूर्तीला मिशा आहेत, हातात शंख आहे, परंतु चक्र नाही. कारण युद्धात शस्त्र न धरण्याचे वचन देवाने दिले होते. उत्सवमूर्ती पार्थसारथीची आहे, आणि तिच्या मुखावर व्रण आहेत. भीष्मांनी सोडलेल्या बाणांच्या त्या खुणा, असे तेथे परंपरेने मानतात. अनेक क्षेत्रांतील देवमूर्ती आम्ही पाहिल्या. मुखावर घाव मिरवणारी मूर्ती विरळाच. रथात सारथी पुढे बसतो आणि योद्धा मागे. समोरून येणारा बाण आधी सारथ्याला लागतो. फळाची आशा धरू नकोस, हे अर्जुनाने ज्याच्याकडून ऐकले, तो त्याच्या पुढे बसला होता.

चेन्नईचेच आणखी एक उदाहरण याच पाण्याच्या मार्गाने जाते. १९६६ साली बंगालच्या मिहिर सेन यांनी पाल्कची सामुद्रधुनी, जिब्राल्टर, दार्दानेल्स, बॉस्फरस आणि पनामाचा कालवा असे पाच जलमार्ग एकाच वर्षात पोहून पार केले. त्यांपैकी पहिला मार्ग सिंहलद्वीपापासून धनुष्कोडीपर्यंतचा, म्हणजे तमिळ किनाऱ्यावर येऊन संपणारा. अठ्ठावीस वर्षे तो विक्रम टिकला. १९९४ साली त्या वेळच्या मद्रासमधील कुट्रालीश्वरन या तेरा वर्षांच्या मुलाने एकाच वर्षात सहा जलमार्ग पार केले; त्यांत इंग्लिश खाडीही होती. १९९६ साली त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. पार्थसारथीच्या गावातील मुलाला अर्जुनाच्या नावाचा सन्मान मिळावा, हा योग मोठा गोड! पण पुढे काय झाले? समुद्र पोहण्यास पैसा लागतो. नाव लागते, नावाडी लागतो, परदेशचा प्रवास लागतो. खर्चाचा भार उचलणारे पुरस्कर्ते मिळेनात, आणि ज्या वयात खेळाडूची उमेद भरास यावयाची त्या वयात त्याने स्पर्धेचे पोहणे सोडले व अभियांत्रिकीच्या शिक्षणाकडे वळला.

त्याचे कर्म वाया गेले असे आम्ही म्हणणार नाही. या मार्गात आरंभिलेल्या यत्नाचा नाश होत नाही, असे दुसऱ्या अध्यायाच्या चाळिसाव्या श्लोकात आश्वासन आहे, आणि ज्याने बालवयात सहा समुद्र पाहिले त्याच्यापासून ते समुद्र कोण हिरावून घेणार? परंतु हा दिलासा त्याने स्वतः घ्यावयाचा आहे. किनाऱ्यावर टाळ्या वाजवून घरी गेलेल्या आपण लोकांनी तो त्याला द्यावयाचा नाही. सिल्वीचे फळ एका कळीने अडविले. या मुलाच्या वाटेत कोणाचेच बोट नव्हते. जेथे हात पुढे व्हावयास हवे होते तेथे ते झाले नाहीत, इतकेच. अशा अकर्माची नोंद कोणत्याच फलकावर लागत नाही, म्हणून त्याबद्दल कोणाला जाबही द्यावा लागत नाही.

इंग्लिश खाडी पोहण्याचा एक नियम वाचकांस ठाऊक असावा. पोहणाराबरोबर एक नाव चालते. नावेतील माणसे त्याला अन्न व पेय देऊ शकतात, वेळ सांगतात, धीर देतात. मात्र त्याने नावेला किंवा नावेतील कोणाला आधारासाठी स्पर्श केला तर ते पोहणे तेथेच रद्द होते. खाडीची रुंदी अरुंद जागी सुमारे ३३ किलोमीटर. पण दर सहा तासांच्या सुमारास भरती-ओहोटी पालटते, प्रवाह पोहणाराला आडवा ओढतो, आणि त्याचा मार्ग नागमोडी होतो. पाण्याच्या पातळीवर डोके असलेल्या माणसाला आपण कोठे चाललो आहो हे कळत नाही. ते कळते नावाड्याला. तो हात लावू शकत नाही आणि सोडूनही जाऊ शकत नाही. पालक, शिक्षक, घरातील वडील माणसे यांना गीतेत आपले स्थान शोधावयाचे असेल, तर ते आम्हांस या नावेत दिसते. किनाऱ्यावर खुर्ची टाकून बसलेल्याने "प्रवाहाची चिंता करू नकोस" असे ओरडण्यात अर्थ नाही.

बार्सिलोनाच्या हकीकतीचा उत्तरार्ध राहिला. कॅनडाच्या लोकांनी ते प्रकरण सोडले नाही. ऑलिंपिक समितीचे त्यांचे सदस्य डिक पाउंड यांनी तो प्रश्न धरून ठेवला. अखेर १९९३ साली आंतरराष्ट्रीय जलतरण संघटनेने चूक मान्य केली, आणि डिसेंबरमध्ये मॉन्ट्रियल येथे सिल्वीला सुवर्णपदक देण्यात आले. अमेरिकेच्या मुलीचे पदक काढून घेतले नाही. ते योग्यच झाले, कारण तिच्याकडून काही चुकले नव्हते. बार्सिलोनातील तो क्षण, ते राष्ट्रगीत, ते व्यासपीठ, यांतले काही सोळा महिन्यांनी परत आले नाही. आम्हांला मात्र याहून अधिक लक्षणीय वाटते ती नंतरची गोष्ट. १९९२ नंतर ऑलिंपिकमधून एकेरीची स्पर्धाच काढून टाकण्यात आली. जिच्या बळावर ती जगात पहिली ठरली होती ती स्पर्धा उरली नाही. तेव्हा ती आठ जणींच्या संघात शिरली. एकटीचे नाव नाही, एकटीचे गुण नाहीत. दुसऱ्या सात जणींच्या हाताशी आपला हात आणि पायाशी पाय जुळवीत ती पुन्हा पाण्यात उतरली, आणि १९९६ साली अटलांटा येथे त्या संघाने रौप्यपदक मिळविले. तिच्या बाजूने लढणारे लढत राहिले आणि ती पोहत राहिली. या दोन कर्मांत विरोध आला नाही.

आपल्याकडे लोकमान्यांचे उदाहरण आहेच. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी गीतारहस्य पेन्सिलीने लिहून काढले. १९१४ साली सुटका झाल्यावर सरकारने वह्या लगेच परत दिल्या नाहीत. वह्यांची मागणी त्यांनी केली. आणि त्या न मिळाल्या तर सर्व ग्रंथ डोक्यात आहे, पुन्हा लिहून काढू, असेही ते म्हणत. मागणीही खरी होती आणि ते म्हणणेही खरे होते. वह्या मिळाल्या, आणि १९१५ साली ग्रंथ छापून निघाला. निष्काम कर्मयोगावर मराठीत सर्वांत मोठा ग्रंथ लिहिणारा पुरुष आपल्या वह्या परत मागत होता, हे विसरून चालणार नाही.

आता स्नेह्यांच्या प्रश्नाकडे वळतो. श्लोक सांगण्यात त्यांचे चुकले नाही, वेळ चुकली. तो श्लोक अनामत भरून, अर्ज देऊन, निकालाची वाट पाहत दोघे पायरीवर बसले असता सांगावयाचा होता. त्या वेळी तो मुलीस पटला असता, कारण सांगणाराही तिच्याबरोबर त्याच निकालाची वाट पाहत असता. आणि बढतीच्या अर्जाबद्दल मुलीने जे विचारले, त्याला उत्तर देण्याची खटपट त्यांनी करू नये. ती बरोबर आहे, एवढे तिला सांगावे. पंधरा वर्षांच्या मुलीपुढे चूक कबूल केल्याने पित्याचे काही कमी होते, असे आम्हांस वाटत नाही. उलट ती पुढे कधी गीता उघडील तर याच कारणाने उघडील, असाही संभव आहे.

त्यांना पाठविलेल्या उत्तरात वरील सर्व विवेचन कळविले आहे, आणि शेवटी व्यवहाराच्या दोन गोष्टी लिहिल्या आहेत. पुढच्या स्पर्धेस जाताना तक्रारीच्या अनामतीची रक्कम निराळ्या पाकिटात घालून खिशात ठेवावी. आणि पहाटे तिला तलावावर पोहोचविण्याचे काम अलीकडे घरच्या नोकराकडे दिले आहे, असे पत्रात सहज येऊन गेले होते. ते पुन्हा स्वतःकडे घ्यावे.